बिननखाची लवकी

महालक्ष्म्यांचं जेवण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, वसंत आमच्या टिनाच्या फाटकाला लाथ मारून आत आला.

वसंत म्हणजे वामनरावांचा धाकटा भाऊ. नंदनवन वस्तीत आमच्या प्लॉटपासून चौथं घर त्यांचं. चार महिन्यांपूर्वी वैशाखात त्याचं लग्न झालं, तेव्हा मांडवाला लागलेला झेंडू आमच्याच वाफ्यातला होता. हसऱ्या तोंडाचा पोरगा. त्या दिवशी त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं.

मी लकडगंजला आरा मशीनवर कामाला निघालो होतो, सायकलीत हवा भरत होतो. माझी बायको प्रेमिला अॅस्टरच्या वाफ्यात खुरपत होती.

"काय झालं गा वसंतभाऊ?" मी विचारलं.

तो माझ्याशी बोललाच नाही. सरळ वाफ्यात पाय टाकून तिच्यापुढे उभा राहिला.

"तुझ्या लवकीनं माझी बायको दवाखान्यात पडली आहे. कालपासून उलट्या. पहाटे उलटीत रक्त पडलं. डॉक्टर म्हणतात, आज काही सांगता येत नाही."

प्रेमिलाचं खुरपं थांबलं. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "किती खाल्ली शामलाताईनं?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. वसंतलाही ते कळलं. निरपराध माणूस आधी 'कोणती लवकी' विचारतो, 'माझ्या लवकीनं कशी' विचारतो.

"किती खाल्ली म्हणजे?" तो म्हणाला. "थोडी खाल्ली असती तं चाललं असतं का? तुले माहीत होतं?"

ती खुरप्याची माती पुसत राहिली.

"नऊ वाजता दादानं बोलावलं आहे. दोघंही या. गणपतरावही येऊन राहिले."

एवढं बोलून तो गेला. अॅस्टरची पाच रोपं त्याच्या पायाखाली मोडली होती.

गणपतराव येणार म्हणजे काय ते सांगतो. प्लॉट त्यांचा. लकडगंजात त्यांची लाकडाची वखार. रिकाम्या प्लॉटवर कोणी झोपडं टाकू नये म्हणून त्यांनी आम्हाला झोपडं टाकू दिलं. आम्ही राखणदार. कागद नाही, भाडं नाही, आठवड्याला एक टोपली भाजी. सगळं तोंडी. त्यांनी तोंड उघडलं की आम्ही रस्त्यावर. घर गेलं, वाफे गेले, आणि प्रेमिलानं सहा वर्षं नाल्याचा गाळ वाहून जी माती केली तीही गेली.

बी आमचं घरचं होतं. कन्हान नदीच्या पलीकडे माझ्या मायची, मीराबाईची, दोन एकर जमीन आहे. माय दुकानातलं बी जन्मात आणत नाही. वांगं, बरबटीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर, झेंडू, सगळं तिच्या हातचं, राखेत घोळून फडक्यात बांधलेलं. लग्न होऊन आली तेव्हा प्रेमिलाला तिनं लुगडं दिलं नाही, ही फडकी दिली. आणि एक रीत दिली.

लवकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची, जात मोठी फसवी. नाल्याकाठी रानात कडू तुंबा उगवतो, तो आणि घरची लवकी यांची लगट होते आणि कधी एखादा वेल कडू निघतो. पान तेच, फूल तेच, फळ तेच. डोळ्यांनी ओळखूच येत नाही. ओळखते फक्त जीभ. म्हणून मायची रीत अशी की बियाला लवकी ठेवायची तर ती कोवळी असतानाच वेलावर नखानं तिचा कपचा काढायचा आणि जिभेला लावायचा. गोड असली तर ठेवायची, कडू असली तर वेल मुळासकट उपटायचा. नखाची जखम भरते, सालीवर वण राहतो, लवकी वाळून टणक झाली तरी तो वण दिसतो. वण आहे म्हणजे कोणीतरी जीभ लावून बघितलं आहे. आमच्याकडे बियाची लवकी म्हणजे नखाची लवकी.

आमचं बी नंदनवनात घरोघरी गेलं होतं. त्र्याहत्तरचं साल, महागाईनं बाया कावल्या होत्या, ज्याच्या त्याच्या परसात भेंडी नाहीतर वांगी. आणि फुलं प्रेमिला रोज सकाळी पोचवायची. देवाला झेंडू, आणि ज्यांच्या घरी फुलदाण्या होत्या त्यांना लांब दांड्याचे अॅस्टर, झिनिया, थंडीत शेवंती.

फुलं घेताना बाया एकच विचारायच्या, "हुंगली तर नाही ना वं?"

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. ते उष्टं होतं. मग पाण्याचा शिंतोडा मारायच्या आणि टोपली आत न्यायच्या. छप्पन साली माझा बाप दीक्षा घेऊन घरी आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानं कोनाड्यातले देव उचलून कन्हानमध्ये सोडले. आम्हाला कोणाच्या देवाचं घेणं नव्हतं. पण गंमत बघा, फुलाला आमचे हात चालत होते. आमचं नाक चालत नव्हतं.

त्या आधीच्या वर्षीची दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. वामनरावांची बायको शोभाताई बियाला लवकी मागायला आली. मी सुट्टीवर होतो, कुंपणाच्या बल्ल्या ठोकत होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

प्रेमिलानं वेलावरच्या तीन लवक्या दाखवल्या. पांढुरक्या पडलेल्या, कडक सालीच्या, तिन्हीवर नखाचे वण.

"हे काय गं? कीड लागली का?" शोभाताईनं विचारलं.

"कीड नाही जी. नख आहे माझं. चाखून ठेवली. गोड आहे."

शोभाताईचा हात पुढे आला होता, तो मागे गेला. "चाखून म्हणजे, तोंडात घालून?"

"एवढासा कपचा. जिभेले लावाले."

"मग ही उष्टी झाली."

"बी कसं उष्टं होईन, ताई? ते तं आतमधी आहे."

"ते तुमच्यात. आमच्याकडे नव्या वेलाचं पहिलं फळ महालक्ष्म्यांना लागतं. उष्ट्या फळाचं बी त्याला कसं चालेल? बिननखाची नाही का एखादी?"

आणि तिची नजर कुंपणाकडे गेली. तिथे एक वेल आपोआप उगवला होता. नाल्याच्या बाजूला कुंपणाबाहेर त्याची एक लवकी लटकून मोठी झाली होती. पानाआड होती, प्रेमिलाच्या हाती लागलीच नव्हती. गुळगुळीत, एक डाग नाही.

"ती दे."

"ते नका नेऊ, ताई. तो वेल मी लावला नाही. त्याचं मी चाखलं नाही अजून."

"तेच तर पाहिजे मला."

मी बल्ली ठोकायचा थांबलो होतो. मी प्रेमिलाचं तोंड पाहिलं आणि मला वाटलं, आता ही टोपली फेकून मारणार. तिनं विळा घेतला, कुंपणाबाहेर हात घालून देठ कापला आणि ती लवकी शोभाताईच्या पायापाशी जमिनीवर ठेवली.

"न्या."

शोभाताई गेली. फाटक लागलं. प्रेमिला कुंपणापाशी परत गेली, त्याच वेलाच्या शेंड्याला एक कोवळं फळ होतं ते तोडलं, नख मारलं आणि जिभेला लावलं.

थुंकली. पुन्हा थुंकली. रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली तरी तिचा चेहरा वाकडाच.

"कडू?" मी विचारलं.

"जहर."

"मग जा, सांगून ये."

"काय सांगू? माझी जीभ लागली का उष्टं होते. त्या जिभेचं खरं मानन का ते?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. मनात म्हटलं, लाव बाई तुझी शुद्ध लवकी, पहिला घास घेशील आणि थुंकशील, मग कळेल नख काय असतं ते. कडू लवकी कोणी गिळत नाही, लहान पोर पण थुंकतं. त्यात मरणबिरण काही मला दिसलं नव्हतं. प्रेमिलाला दिसलं होतं का, ते मी तिला तेव्हा विचारलं नाही. तिनं तो वेल उपटून नाल्यात टाकला.

मृगात शोभाताईनं बी लावलं. आषाढात वेल मांडवावर चढला. प्रेमिला रोज सकाळी फुलांची टोपली घेऊन त्या मांडवाखालून जायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आज सांगणारच होती."

"मग?"

"तिनं फुलावर पाणी शिंपडलं. काही थेंब माझ्या हातावर पडले. मलेच शिवल्यासारखा तिनं पदरानं आपला हात पुसला. मी वापस आली."

श्रावणात लवक्या लागल्या. शोभाताई त्या राखून होती, पहिलं फळ महालक्ष्म्यांना. आम्हाला आठवणही राहिली नाही म्हटलं तर ते खोटं होईल. आठवण रोज होती.

नऊ वाजायला आले. प्रेमिलानं हातपाय धुतले, पांढरं लुगडं नेसली. मी दारात आडवा उभा राहिलो.

"ऐक. तुले काही माहीत नव्हतं. तिनं मागितली, तू दिली. बस. उष्ट्याचं काढू नको, उगा पेटन. हात जोड, मी पण जोडतो. जागा वाचली पाहिजे."

"आन शामलाताई?"

"तिचं डॉक्टर पाहून राहिले ना."

ती माझ्या हाताखालून निघून गेली.

वामनराव ओसरीवर खुर्चीत बसले होते, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बोलणं हळू. बाजूला गणपतराव, काठीवर हनुवटी टेकून. खांबाला टेकून वसंत. दाराशी शोभाताई, आणि ओसरीच्या कडेला कालच्या जेवणाच्या चार सवाशिणी, त्यांचेही चेहरे उतरलेले. उघड्या दारातून आतल्या महालक्ष्म्या दिसत होत्या, शालू नेसलेल्या, गळ्यात आमच्या झेंडूचे हार. आम्ही दोघं अंगणात उन्हात. बसा कोणी म्हटलं नाही.

"प्रेमिलाबाई," वामनराव म्हणाले, "मी आवाज चढवणार नाही. बी कडू कसं निघालं, एवढं सांगा."

तिच्या आधी शोभाताई बोलली. "ती काय सांगेल, मी सांगते. मुद्दाम दिलं हिनं. निवडून दिलं. आमचं चांगलं यांना पाहवत नाही. रोज फुलं द्यायच्या निमित्तानं यायची आणि मांडवाकडे टक लावून उभी राहायची. मी कितीदा पाहिलं आहे."

टक लावून पाहायची, ते मात्र खरं होतं.

"असं असन तं हे चौकीचं काम आहे," गणपतराव म्हणाले. "लहानू, मी तुले चांगला माणूस समजत होतो गा. राखणदार ठेवला आन तू आजूबाजूच्यायले जहर वाटून राहिला?"

माझे हात आपोआप जोडले गेले. आजही ते हात आठवले की मला माझी चीड येते. "नजरचूक झाली, मालक. बाईमाणूस आहे, तिले काय समजते. सगळे वेल आजच उपटून टाकतो. माफ करा."

"तुम्ही चूप राहा जी," प्रेमिला मला म्हणाली. मग ओसरीकडे वळली. "शोभाताई, काल भाजी शिजवतानी कोणी चाखली का?"

सवाशिणींतली एक म्हातारी म्हणाली, "नैवेद्याचं कोणी चाखते का वं? काय विचारते?"

"बरं. मग जेवतानी? शामलाताई धरून तुम्ही पाचजणी बसल्या असान. पहिल्या घासाले जीभ आखडली नाही का?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"प्रसादाले नावं ठेवत नाहीत," म्हातारी म्हणाली. "मी पानाखाली सरकवून दिली."

"मीही," दुसरी पुटपुटली. "मला वाटलं मेथ्या जास्त झाल्या."

तिसरी खाली पाहत राहिली. चौथीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

वसंत खांबापासून सुटला. "म्हणजे चौघींनाही समजलं होतं? तिच्या बाजूले बसून? आन कोणी तिले सांगितलं नाही?"

"नवी सून, पहिली महालक्ष्मी," म्हातारी म्हणाली. "आम्हाले वाटलं ती पण सरकवन."

"तिले सरकवता येत नाही," वसंत म्हणाला. "पानात टाकायचं नाही असं तिले शिकवून पाठवलं. ती खाऊन राहिली होती आन डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं. मी वाढत होतो. मले वाटलं, माहेरची आठवण आली. मी म्हटलं आणखी घे, आन मीच दुसऱ्यांदा वाढली. तिनं मान हलवली नाही म्हणून. मीच."

प्रेमिला त्याच्याकडे पाहत होती. तिच्या कानाखालची शीर उडताना मला दिसली. तिला मी तेव्हा बारा वर्षं ओळखत होतो, ती रागावली की असं होत नाही, ती घाबरली की होतं.

"शोभाताई," ती म्हणाली, "दिवाळीनंतर तुम्ही आल्या. मी तुम्हाले कोणत्या लवक्या दाखवल्या?"

"मला काय आठवते ते."

"नखाच्या. चाखलेल्या. तुम्ही काय म्हटलं?"

शोभाताई नवऱ्याकडे पाहू लागली.

"उष्टी नको म्हटलं. बिननखाची पाहिजे म्हटलं. मी म्हटलं, त्या वेलाचं चाखलं नाही, नका नेऊ. तुम्ही म्हटलं, तेच तर पाहिजे. म्हटलं का नाही? तुमच्या महालक्ष्म्या समोर आहे. माझ्या नाहीत त्या, तुमच्या आहे. म्हणा."

"मग काय चुकलं माझं?" शोभाताई म्हणाली. "देवीच्या नैवेद्याला काय हिच्या तोंडातलं..." आणि तिथेच तिला समजलं की आपण काय बोललो, आणि कोणाकोणासमोर.

वामनरावांनी मान खाली घातली. गणपतरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मी मनात म्हटलं, सुटलो. आता यांना आपल्याला हात लावता येत नाही. जागा वाचली. चल, आता घरी चल.

ती हलली नाही.

"पुढचंही ऐका," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी त्या वेलाचं चाखलं. त्याच दिवशी. कडू होतं. जहर होतं. मी तुमच्या घरी सांगाले आली नाही."

मी तिचा दंड धरला. तिनं झटकला.

"राग आला होता मले. म्हटलं, खाऊ दे कडू. एकदा तोंड पोळू दे इचं. मंग आषाढात वेल पाहिला, रोज पाहिला. रोज म्हटलं उद्या सांगन. हे माझ्या नवऱ्यालेही माहीत होतं, पण बी माझं आहे, सांगाचं काम माझं होतं. मी मरणाचं नव्हतं चिंतलं. पण कडू चिंतलं होतं. शामलाताई तं दिवाळीत या घरात आल्याही नव्हत्या. त्यायनं माझं काय केलं होतं?"

वसंत ओसरीच्या पायऱ्या उतरला आणि तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. मी मध्ये शिरलो. त्यानं मला बाजूला केलं, मारायला नाही, बोलायला.

"दहा महिने?"

"हो."

"रोज यायची तू."

"हो."

"एक शब्द."

"एक शब्द," ती म्हणाली.

तो तसाच वळला, सायकल घेतली आणि दवाखान्याकडे निघून गेला.

"आता तं चौकीच," गणपतराव उठत म्हणाले. "तिनं आपल्या तोंडानं कबूल केलं."

तेव्हा वामनराव बोलले, घाईघाईनं. "चौकी नको. घरचं घरात राहू द्या. तिथे गेलं की सगळंच लिहून घेतात."

सगळंच म्हणजे काय ते मला समजलं. उष्टं हा शब्दही लिहून घेतला असता. अस्पृश्यतेचा कायदा होऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि हेडक्लार्कला कायदा वाचता येतो. भावजय मरायला टेकली होती आणि हा माणूस मनातल्या मनात कलम शोधत होता. आम्हाला चौकीपासून कोणाच्या दयेनं वाचवलं नाही, त्यांच्या भीतीनं वाचवलं.

"मग मी माझ्यापुरतं सांगतो," गणपतराव म्हणाले. "चार दिवसांत प्लॉट मोकळा पाहिजे. पाचव्या दिवशी मी माणसं पाठवतो."

आम्ही निघालो. शोभाताई दारातच होती. फाटकापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, बारीक, रडका, सवाशिणींना उद्देशून, "तुम्हीच सांगा, तुम्ही घेतली असती का?"

रस्त्यात माझा तोल सुटला.

"अर्धं सांगून थांबली असती तं काय बिघडलं असतं? जिंकली होती तू. तिच्या तोंडून काढलं होतं. सहा वर्षांची माती गेली. कोण पुसणार होतं तुले पुढचं?"

"अर्धं सांगाले त्या होत्याच ना," ती म्हणाली. "शोभाताई आन त्या चौघी."

"मोठी हरिश्चंद्र."

"तुम्ही हसले होते त्या दिवशी," ती म्हणाली, शांतपणे, जसं भाजीत मीठ नाही म्हणावं तसं. "ते मी सांगितलं नाही तिथं."

तिथून झोपडीपर्यंत मी तिच्या मागे चाललो, बाजूनं नाही.

चार दिवस आम्ही माती उकरत होतो. दोन दिवसांची मजुरी बुडवली. बरबटीच्या, वांग्याच्या ज्या होतील त्या बिया काढल्या, हिरवी भाजी तोडली. ती घ्यायला कोणी दारात आलं नाही. नंदनवनात बातमी फिरली होती आणि घरागणिक बदलली होती. कुठे आम्ही जहर दिलं होतं, कुठे करणी केली होती. उष्ट्याची गोष्ट मात्र कोणत्याच घरातल्या बातमीत नव्हती. जी बाई तीन वर्षं आमची भेंडी खात होती तिनं आपल्या परसातले आमच्या बियांचे सगळे वेल उपटून रस्त्यावर आणून टाकले, गोड दोडके लागलेले, फुलावर आलेले. प्रेमिला ते पाहून म्हणाली, "गाईले तं घालायचे होते."

दवाखान्याची खबर आम्हाला कोणी देत नव्हतं. प्रेमिला रोज दुपारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत जायची आणि तशीच परत यायची. आत जायची हिंमत नव्हती. बाहेरच्या चहावाल्याला विचारायची, नंदनवनातलं कोणी गेलं का. चहावाला म्हणायचा, इथं रोज कोणी ना कोणी जाते, बाई, पत्ता कोण सांगते. ती जेवत नव्हती. मी ताट पुढे केलं की घास हातात धरून बसायची, खाली ठेवायची.

चौथ्या दिवशी दुपारी ठेला आणला. भांडी, बिछाना, टिनाचे पत्रे चढवले. शेवंतीचे गड्डे मातीसकट गोणपाटात बांधत होतो, तेव्हा वसंत आला. फाटकच काढलं होतं आम्ही, त्यामुळे लाथ मारायला काही नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. प्रेमिला त्याला पाहून उठली आणि तिला पुढे पाऊल टाकता येईना.

"वाचली," तो म्हणाला. "आज पेज घेतली दोन वाट्या."

ती होती तिथेच मातीत बसली. तिचे दोन्ही हात मातीत रुतले होते आणि ती ते हलवत नव्हती.

वसंत थोडा वेळ उकरलेले वाफे पाहत राहिला.

"तिले सगळं सांगितलं मी. वहिनीचं, त्या चौघींचं, तुझं. माझं पण."

"काय म्हटलं त्यायनं?" प्रेमिलानं विचारलं.

"मले वाटलं रडन. रडली नाही. म्हणे, मले त्या घरात वापस नको नेऊ."

मी गोणपाटाची सुतळी ओढून धरली होती, ती तशीच धरून राहिलो.

"माहेरी नेता येत नाही," तो म्हणाला. "लोक म्हणतीन टाकून दिली. वेगळी खोली घेतो तं दादा म्हणते, घराचं नाव जाईन. मग कुठे नेऊ मी तिले? सांग ना." आणि हे तो आम्हाला विचारत होता. भरलेल्या ठेल्याशेजारी उभा राहून, त्याच्या घरापायी बेघर झालेल्या माणसांना. त्याला ते दिसतच नव्हतं, आणि मला चीड आली, आणि चीड येऊनही त्याला हाकलता आलं नाही.

"मले नका विचारू," प्रेमिला म्हणाली. "पण त्यायले विचारा. त्या सांगतीन तसं करा. एकदा त्यायचं ऐका."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मी तुले माफ नाही करत."

"नका करू."

"वहिनीलेही नाही."

"ते तुमच्या घरचं," ती म्हणाली आणि उठली. लुगड्याला हात पुसले, गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. "धरा जी," मला म्हणाली. मी धरलं. वसंत बाजूला झाला.

मायच्या शेताच्या वाटेनं मी ठेला ओढला, तिनं मागून लोटला. कामठीच्या पुढे ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं मला थांबवलं, पोटलीतली भाकर काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली, चार दिवसांत पहिल्यांदा.